पेणचं मीठ, कोलाडचे ट्रक

कोलाड म्हटलं की आपल्या आयटीवाल्या जमातीला एकच गोष्ट आठवते : राफ्टिंग! शुक्रवारी रात्री पुण्याहून नाहीतर मुंबईहून निघायचं, सकाळी कुंडलिकेच्या पाण्यात आरडाओरडा करायचा, दुपारी मासे हाणायचे आणि रविवारी परत. त्यात गैर काहीच नाही. पण मंडळी, याच कोलाडच्या रेल्वे स्टेशनात १९९९ सालापासून एक भन्नाट प्रकार चालतो, त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. मालाने भरलेले ट्रक एका उतारावरून रांगेत चालत येतात आणि चक्क रेल्वेगाडीच्या सपाट डब्यांवर चढतात. चाकांना अडसर लागतात, साखळ्या आवळल्या जातात, ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या ट्रकसोबतच राहतात आणि ती गाडी बोगदे आणि पूल ओलांडत गोव्यातल्या वेर्ण्याला जाते. याला म्हणतात रो-रो. ट्रक स्वतःच्या चाकांवर चढतो आणि स्वतःच्याच चाकांवर उतरतो, एवढाच अर्थ.

आता प्रश्न असा की कोलाडच का? मुंबई का नाही? पेण का नाही? रोहा का नाही? रोह्याला तर कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर आहे! या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी दीड-दोनशे वर्षं मागे गेलो. तुम्हीही चला. सुरुवात ट्रकपासून नाही, मिठापासून करू.

पेण हे खरं तर बंदराचं गाव. आज पेणला गेलात तर समुद्र कुठे दिसत नाही, पण भोगावती नदी, तिच्याकाठचं अंतोरा बंदर, पुढे धरमतरची खाडी आणि मग मुंबईचं बंदर अशी ही पाण्याची वाट. खाडीकाठी मिठागरं, आत भातशेती. घाटावर मीठ पिकत नाही आणि कोकणात ज्वारी नाही. व्यापाराला यापेक्षा जास्त काय लागतं? घाटावरून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन उतरायचे आणि मीठ लादून परत चढायचे.

जरा हिशेब करून बघा. एक लादलेला बैल साधारण शंभरेक किलो माल नेणार. पण तेच दोन बैल गाडीला जुंपले, तर पाठीवर नेतील त्याच्या कितीतरी पट माल ओढतात. आणि तोच माल होडीत घातला तर? वारा फुकट, भरती-ओहोटी फुकट. जड आणि स्वस्त वस्तूला पाण्याची वाट परवडते, हे पेणच्या मीठवाल्याला कुठल्याही एमबीएशिवाय कळत होतं. फक्त पाण्याची एक अट असते : वेळ ते ठरवतं, तुम्ही नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा खाडीत पाणी जास्त आणि मोठे पडाव आतपर्यंत येतात. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी कमी, मग लहान होड्यांवर भागवायचं. म्हणजे बंदराचा शेड्यूलर कोण? तर चंद्र! आणि पावसाळ्यात सर्व्हर डाउन. आषाढात दर्या बंद, तो नारळी पौर्णिमेला उघडणार.

घाटाचा प्रश्न वेगळा होता. बोरघाटात १८३० साली इंग्रजांनी बैलगाडी जाईल असा रस्ता केला. त्याआधी घाटाच्या तोंडाशी माल गाडीतून उतरवा, बैलांच्या पाठीवर घाला, वर गेल्यावर पुन्हा उतरवा असा उद्योग होता. गंमत म्हणजे या रस्त्याने अंतर फारसं बदललं नाही. घाट तेवढाच उंच राहिला. बदलली एकच गोष्ट : मालाला हात लावण्याच्या वेळा कमी झाल्या.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते. मालवाहतुकीत पैसा अंतरावर जातो असं आपल्याला वाटतं. जातोही. पण खूपसा पैसा, आणि त्याहून जास्त वेळ, जातो तो माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाताना. हमाली, वाट पाहणं, पावसात भिजणं, सांडलवंड, चोरी, आणि "हे पोतं तुमच्याकडे आलं तेव्हाच फाटलं होतं" छापाची भांडणं. आपल्या धंद्यात सांगायचं तर दोन्ही सिस्टिम्स उत्तम चालतात, बग सापडतो तो इंटरफेसवर :)

या एका गोष्टीवर जग किती बदललं त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल १९५६मध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट खर्च यायचा, पेटीतून तोच खर्च १६ सेंटांच्या आत आला. जहाज तेच, समुद्र तोच, अंतर तेच! फक्त मधले हात गेले.

तर पेणकडे परत येऊ. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५६ला ती खोपोलीपर्यंत आली आणि १८६३मध्ये बोरघाट चढून गेली. मुंबईचा माल आता एकदा डब्यात घातला की थेट पुणे. बंदर नाही, बैल नाही, भरतीची वाट बघणं नाही. घाटावरचा मोठा ओघ रुळांकडे वळला. पेणहून खोपोली जेमतेम तीसेक किलोमीटर, पण त्या तीस किलोमीटरसाठी माल आधी गाडीत भरायचा आणि खोपोलीत पुन्हा उतरवायचा. म्हणजे एक जादा इंटरफेस. पेणचं मीठ वाईट झालं नव्हतं, पेणचे व्यापारी आळशी झाले नव्हते. फक्त नवी वाट त्यांना वळसा घालून गेली होती. ज्या गावाची भरभराट माल 'बदलण्यावर' उभी असते, त्या गावाचं असं होतं. बदलण्याची गरज संपली की हमाल, दलाल, वखारवाले, गाडीवान सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न येतो. रोह्याची आणि नागोठण्याची गोष्टही थोड्याफार फरकाने अशीच. रोह्याचा तांदूळ कुंडलिकेच्या खाडीतून रेवदंड्याकडे आणि तिथून मुंबईला जायचा. नागोठणं तर एके काळी मुंबईहून होडीने यायचं आणि तिथून पुढे जमिनीवरून महाबळेश्वरच्या वाटेला लागायचं ठिकाण. तिथे निजामशाहीच्या काळातला दगडी पूल आहे, म्हणजे वर्दळ किती जुनी बघा.

रेल्वे मात्र या दोन तालुक्यांत यायला फार वेळ लागला. घाटात गाडी चढली १८६३ला, रोह्याला रूळ पोचले १९८६ला. सव्वाशे वर्षं! पेणवरून मुंबई सरळ रेषेत किती जवळ आहे ते नकाशात बघा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

मधल्या काळात इथल्या माणसांचा आणि मालाचा आधार होता लाँच आणि बोटी. मुंबईहून रेवस, मुंबईहून धरमतर. त्याची किंमतही मोजावी लागली. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा, 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी अमावास्या होती आणि सणासाठी गावी निघालेली माणसं बोटीत दाटीवाटीने भरली होती. 'कुठल्या वाहनाने जायचं' हा प्रश्न कागदावर खर्चाचा असतो, प्रत्यक्षात तो दुसरा पर्याय आहे की नाही याचा असतो. रायगडातल्या खाडीपलीकडच्या माणसांकडे तेव्हा तो फारसा नव्हता.

मग खाड्यांवर पूल झाले, मुंबई-गोवा रस्ता झाला, आणि ट्रक आला. ट्रकने मीठ, भात, विटा सगळं एका झटक्यात उचललं. ट्रकचं टनामागचं भाडं होडीपेक्षा महाग, हे खरं. पण ट्रक दारात येतो आणि दारात जातो. मध्ये एकही हात नाही! मॅक्लीनने जे पेटीने साधलं ते आपल्याकडे साध्या ट्रकने साधलं. अंतोरा बंदराची सद्दी संपवायला कुणी कट केला नाही. ती दारापर्यंतच्या डिलिव्हरीने संपवली.

यानंतर गोष्टीत येतात उद्योग. रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल, थळचा खत कारखाना. थळसाठी तर पेणहून मालगाडीचा खास फाटा गेला. म्हणजे सव्वाशे वर्षं जी रेल्वे माणसांसाठी आली नाही, ती आली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर खताच्या गोणीही होत्या. खत, रसायनं, प्लॅस्टिकचे दाणे, म्हणजे मोठ्या प्रमाणावर, एकाच ठिकाणाहून, नियमित निघणारा माल. रेल्वेला असाच माल आवडतो. तिला दहा पोती मीठ आणि चार हंडे नको असतात, अख्खी गाडी भरेल एवढं एकच काहीतरी हवं असतं.

आणि इथेच कोकण रेल्वेची पंचाईत झाली. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झालं, मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांची राजकीय ताकद, ई. श्रीधरन यांचं नेतृत्व, कर्जरोख्यांतून उभा केलेला पैसा, आणि २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटरची लाइन सुरू झाली. अभियांत्रिकी म्हणून अफाट काम. पण माल कुठला न्यायचा? कोकणात आंबा आहे, काजू आहे, मासळी आहे. सगळं नाजूक, थोडं थोडं, विखुरलेलं आणि हंगामी. अख्खी मालगाडी भरायला लागणारे कोळशाचे किंवा सिमेंटचे ढीग लाइनीच्या काठाला फारसे नाहीत. कर्जावरचं व्याज मात्र दर महिन्याला लाइनीवर धावणारच.

माल नव्हता, पण शेजारच्या रस्त्यावर ट्रक होते! घाटावळणांचा, अरुंद, पावसाळ्यात खड्ड्यांनी भरणारा रस्ता आणि त्यावर रात्रंदिवस रांगणारे ट्रक. तेव्हा कोकण रेल्वेने ठरवलं की माल आपल्याकडे येत नसेल तर मालासकट ट्रकच उचलू. २६ जानेवारी १९९९ला कोलाड ते वेर्णे, ४१७ किलोमीटर, रो-रो सुरू झाली. पुढे ती मंगळूरजवळच्या सुरतकलपर्यंत गेली. कल्पनेतलं शहाणपण बघा : वाहन बदलायचं, पण मालाला हात लावायचा नाही. ट्रकचा सगळा फायदा (दारातून दारात) आणि रेल्वेचा सगळा फायदा (डिझेल, टायर आणि ड्रायव्हरची झोप वाचते) एकत्र. ट्रक हीच पेटी!

मी एका शनिवारी कोलाडला मुद्दाम थांबून हे बघितलं. तिथे उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरला विचारलं, "रस्त्याने लवकर नाही का पोचणार?" तो हसला. म्हणाला, "साहेब, पोचायचं काय, दोन्हीकडून पोचतो. इथून गेलो की पोचल्यावर लगेच परत भाडं मारता येतं." वाक्य साधं आहे, पण त्यात अख्खं गणित आहे. तो एका फेरीचा वेळ मोजतच नव्हता. महिन्यात किती फेऱ्या होतात ते मोजत होता. आपण ज्याला लेटन्सी आणि थ्रूपुट म्हणतो, तोच फरक.

आता त्या मूळ प्रश्नाचं उत्तर. कोलाडच का? रेल्वेचं टोक रोह्याला आहे, पण महामार्ग रोहा शहरातून जात नाही. तो पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाडला येतो. रोह्याच्या उत्तरेची लाइन मध्य रेल्वेची, म्हणजे दुसऱ्या संस्थेची, आणि जसजसं मुंबईकडे जावं तसतशी ती गजबजलेली. कोकण रेल्वेच्या स्वतःच्या रुळांवरचं, महामार्गाला लागून असलेलं उत्तरेचं पहिलं ठिकाण म्हणजे कोलाड. म्हणजे रोह्याला शून्याचा मान मिळाला आणि ट्रक मिळाले कोलाडला. दीडशे वर्षांपूर्वी पेणला वळसा घालून खोपोलीला जे मिळालं, तेच पुन्हा. वाट कुठून जाते यापेक्षा दोन वाटा कुठे एकमेकींना शिवतात, ते महत्त्वाचं.

पण रो-रोचं यश थोडं विचित्र पायावर उभं आहे. स्वित्झर्लंडमध्येही २०२५पर्यंत ट्रक रेल्वेवर चढवून आल्प्स पार करवत असत. तिथे १९९४मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की आरपार जाणारे ट्रक रुळांवर गेले पाहिजेत. मग त्यासाठी कर आले, बोगदे आले, २०१६मध्ये गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. आपल्याकडे असं कुणी ठरवलेलं नाही. रो-रो चालते ती डिझेलचा भाव आणि रस्त्याची अवस्था यांच्या जिवावर. महामार्गाचं चौपदरीकरण पनवेल ते इंदापूर टप्प्यात २०११च्या सुमारास सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं रेंगाळलं, हे तुम्हाला मी सांगायला नको, गणपतीला गावी जाताना तुमच्या कमरेने सांगितलंच असेल. पण ज्या दिवशी तो रस्ता खरोखर गुळगुळीत होईल, त्या दिवशी त्या ड्रायव्हरला आपलं गणित पुन्हा मांडावं लागेल. आणि कोकण रेल्वेलाही. समोरच्याच्या बगवर आपलं फीचर उभं असेल तर तो बग सुटण्याआधीच पुढचा विचार केलेला बरा.

ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी तो केलाही, थोडा वेगळा. गणपतीसाठी कोलाड ते वेर्णे मोटारगाड्यांची रो-रो. एका खेपेला ४० गाड्या, भाडं ७,८७५ रुपये, सोबतचे प्रवासी डब्यात बसणार, साधारण बारा तास. मधे कणकवलीजवळच्या नांदगावलाही थांबा दिला. कल्पना तीच, पण प्रतिसाद बेताचा. कारण उघड आहे. ट्रकवाल्यासाठी वाचलेलं डिझेल, टायर आणि झोप म्हणजे पुढचं भाडं. आपल्यासाठी मुंबईहून कोलाडपर्यंत तरी त्याच रस्त्याने गाडी हाकायची, दुपारी रांगेत लागायचं आणि मग बारा तास. शिवाय आपल्याला वेर्ण्याला जायचंच नसतं, राजापूरला जायचं असतं! तंत्रज्ञान तेच, गरज वेगळी.

गणपतीवरून आठवलं. पेणचा विषय निघाला आणि मूर्ती आल्या नाहीत असं होणार नाही. जोह्यात माझ्या मामांचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या डोक्यात जे वेळापत्रक आहे ते बघून मी थक्क होतो. मालाची मुदत एकच, ती हलत नाही, आणि उशिरा पोचलेल्या मालाची किंमत शून्य. मूर्ती नाजूक. आणि प्रवासाचे दिवस भर पावसाचे. नारळी पौर्णिमा ते गणेश चतुर्थी यांत जेमतेम एकोणीस-वीस दिवस असतात, म्हणजे जुन्या काळी दर्या उघडण्याची वाट बघत बसलं तर हातात काय उरणार होतं? मामांचं सूत्र असं : "लांबचा गणपती आधी, जवळचा शेवटी. टेम्पोत मात्र उलटं. जो शेवटी उतरायचा, तो आधी चढायचा." पहिलं वाक्य मुदतीपासून मागे मोजणं, दुसरं सरळ स्टॅक. मामांनी दोन्ही शब्द कधी ऐकलेले नाहीत.

अमेरिकेच्या मूर्ती कंटेनरमधून उन्हाळ्यातच, किंवा त्याआधीच निघतात. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा येमेनमधल्या गोळीबाराचा परिणाम पेणमधल्या रंगकामाच्या तारखेवर झाला. आणखी एक युक्ती म्हणजे हमरापूर-जोह्याकडून मोठ्या प्रमाणात 'कच्च्या' मूर्ती बाहेर जातात. रंग, डोळ्यांची आखणी हे तिकडचा कारागीर करतो. रंग खरवडायची भीती नाही, आणि गिऱ्हाइकाला कोणतं पीतांबर हवं तेही आत्ता ठरवायची गरज नाही. बेनेटॉनने आधी स्वेटर विणून मग रंगवायला सुरुवात केली, त्यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत प्रकरणं आहेत. हमरापूरवर अजून वाचलं नाही.

आणि यातच आजचा सगळ्यात अवघड प्रश्न दडलेला आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवरचा वाद आपण पर्यावरणाचा म्हणून वाचतो, तो आहेच. पण प्लॅस्टर इतकं का पसरलं? मूर्ती हलकी होते, कमी तुटते, एका टेम्पोत जास्त बसते. म्हणजे प्लॅस्टर हा कलेचा नाही, वाहतुकीचा निर्णय होता. शाडूची माती गुजरातेतून येते, मूर्ती जड होते, खड्ड्यात सोंडेला तडा जातो. २०२५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. पुढे काय होईल ते होवो. पण शाडूकडे वळायचं असेल तर नुसती बंदी पुरणार नाही. त्या जड, नाजूक मूर्तीची मुंबईपर्यंतची वाट कोण सुधारणार आणि तुटलेल्या सोंडेचा खर्च कोण उचलणार, हे कुणीतरी बोलायला हवं. नाहीतर तो मामांसारख्यांच्याच अंगावर पडतो.

जाता जाता एक गंमत. पाण्याची वाट मेली असं वाटत असेल तर धरमतरच्या पुलावरून खाली बघा. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल आजही लहान जहाजांतून आणि बार्जमधून याच खाडीने येतो. पलीकडे जयगडला मोठी जहाजं लागतात, इकडे लहान. जड आणि टनाला स्वस्त वस्तू पाण्याने न्यावी, हा मीठवाल्याचा जुना नियम पोलादवाल्यानेही मोडलेला नाही. म्हणजे बघा, एकाच पंचक्रोशीत खनिज होडीने जातं, खत मालगाडीने, पोहे टेम्पोने, गणपती कंटेनरने आणि ट्रक रेल्वेने! यातलं 'सर्वांत आधुनिक' कोणतं, हा प्रश्नच फिजूल आहे. विचारायचे प्रश्न चारच. किलोमागे किंमत किती, तुटण्याची भीती किती, मुदत किती कडक, आणि वाटेत हात किती लागणार.

असो. पुढच्या वेळी राफ्टिंगला जाल तेव्हा कोलाडच्या स्टेशनकडेही एक चक्कर मारा. ट्रक चढताना दिसले तर नशीब, नाहीतर चहा तरी मिळेलच.